ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली पोरं : शाळेत नाव घालायचं कसं?

बांधावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री १०.४०

आमच्या फडात परवापासून तोड सुरू झाली. मी कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातला, बेळगाव जिल्हा. पावणेतीन एकर ऊस, तुरे येऊन वाळायच्या मार्गावर, त्यामुळं टोळी आली तेव्हा घरात सगळे खूश. मीही. टोळी बीड जिल्ह्यातली, अकरा कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथल्यांना सांगायला नको, पुण्या-मुंबईचे वाचणारे असतील म्हणून लिहिलं. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. पोरं कशातच मोजत नाहीत.

काल सकाळी सहाला चहाची किटली घेऊन गेलो. धुकं होतं. तोड पहाटे चारलाच सुरू झालेली. पाचटाच्या ढिगात आठ-नऊ वर्षांची एक पोरगी बसलेली, मांडीवर वर्षाचा भाऊ. तेवढ्यात ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन मागं येऊ लागला. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, दिसणारही नाही. मी ओरडणार तोवर ती उठली, पोराला काखेत मारलं, दुसऱ्या हातानं बोचकं ओढलं आणि चार हात पलीकडं जाऊन परत बसली. सवयीनं. घाबरली बिबरली काही नाही. मला मात्र चहा ओतताना हात थरथरत होता.

विचारलं, शाळेत जातीस काय? म्हणाली, "चौथीला हाय." होते म्हणाली नाही.

संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, जाऊन मोजली. तीन ते बारा वर्षांची सात पोरं, शिवाय अंगावर पिणारी दोन. मोठी दोन पोरं वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून पेंड्या बांधतात. त्या पेंड्या आमच्या म्हशींना आम्हीच विकत घेतो, तेही लिहून टाकतो, मागाहून कुणी विचारायला नको.

आज शाळेत गेलो. मराठी शाळा कोप्यांपासून दीड किलोमीटर, कन्नड शाळा तिच्या भिंतीला भिंत लावून. हेडमास्तर चांगला माणूस आहे, पण म्हणाला, टीसी आणा, आधार आणा, आणि मार्चमध्ये ही पोरं निघून गेली की हजेरीचं उत्तर मी काय देऊ? मुकादमाला, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराला, विचारलं तर तो म्हणाला, "पोरगी शाळेत गेल्यावर धाकटं कोण बघंल?" दोघांचंही खोटं नाही. कुणी असं नाव घातलंय काय? कुठून सुरुवात केलीत?

---

वेसकर | १६ नोव्हेंबर, रात्री ११.१५

वाचतोय. आमच्या हुक्केरीच्या बाजूला पण हेच.

---

खडूफळा | १७ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

मी मराठी शाळेत एकतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालोय, त्यामुळं हेडमास्तरच्या खुर्चीतून सांगतो.

टीसी नाही म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम ५ वाचा. पोराला एका शाळेतून दुसऱ्या शाळेत, राज्याच्या आत किंवा बाहेर, जाण्याचा हक्क आहे आणि दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश लांबवण्याचं किंवा नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, असं तिथं स्पष्ट आहे. 'राज्याच्या बाहेर' हे शब्द बोट ठेवून दाखवा, कारण आमचे लोक तिथंच अडतात. जन्मदाखला नाही तर कलम १४. जून संपला, आता नोव्हेंबर आला म्हणतील तर कलम १५. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या पोरांना दाखल करून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी, ती कलम ९ मध्ये. वयाप्रमाणं वर्ग, ते कलम ४.

पण मास्तरला कायदा दाखवून काम होत नाही, हे मी मास्तर म्हणूनच सांगतो. त्याची खरी भीती कॉम्प्युटरची आहे. कर्नाटकात पोराचं नाव एसएटीएसवर, महाराष्ट्रात सरलवर. दोन्ही एकमेकांशी बोलत नाहीत. यू-डायस मात्र देशभर एकच आणि त्यात पोराला पेन नंबर, म्हणजे कायमचा विद्यार्थी क्रमांक, असतो. तो नंबर मिळाला तर निम्मं काम झालं. गावाकडच्या शाळेनं नाव ड्रॉपबॉक्सला, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत, टाकलं की इकडच्यानं उचलायचं. तोवर हेडमास्तरला सांगा, पोराला वर्गात बसव, जेवायला वाढ, वहीत नाव लिही. सीआरपीला (केंद्रातल्या शाळा बघणाऱ्या साधनव्यक्तीला) एक फोन करून ठेव म्हणावं, म्हणजे त्याच्या एकट्याच्या मानेवर राहत नाही.

---

डोंगरपट्टा | १७ नोव्हेंबर, दुपारी १.३०

गुरुजी, ड्रॉपबॉक्सचं एवढं सोपं नाही हो. मी बीडकडचा, माझे आई-वडील बावीस हंगाम कोयता घेऊन आले. त्यातले सहा तुमच्या बेळगाव जिल्ह्यात.

आमच्याकडं संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. किती पोरं, त्यावर किती मास्तर, हे त्या तारखेला ठरतं. गाड्या भरतात दसऱ्यानंतर. म्हणजे लेकरू मोजून झाल्यावर जातं. मग नाव काढलं तर पट पडतो, म्हणून कुणी काढत नाही. लेकरू कागदावर तिथं, अंगानं इथं. गावाकडच्या शाळेला विचारलं तर "आमच्या पटावर आहे", इथल्या शाळेला विचारलं तर "तुमच्या पटावर आहे ना". बसा.

तरी दोन गोष्टी करून बघा. एक, आई-बापाला विचारा, निघताना शाळेनं शिक्षण हमी कार्ड दिलं का. महाराष्ट्रात ते स्थलांतरित लेकरांसाठीच असतं, त्यावर इयत्ता आणि काय काय येतं ते लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा ते पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, कारण कशासाठी दिलंय हेच कुणी सांगितलेलं नसतं. दोन, गावाकडं हंगामी वसतिगृह चालू आहे का बघा. आजीपाशी लेकरू राहतं, दोन वेळचं जेवण शाळेत, सहा महिने. मी त्याच्या आधीच्या काळातला. मला आजीच नव्हती. आणि ज्यांना आजी असते त्या आजीला बऱ्याचदा कोयत्याबरोबर यावं लागतं, कारण उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. वसतिगृह आजीच्या भरवशावर, आजी उचलीच्या.

ती पोरगी चौथीला 'हाय' म्हणाली ना, मीसुद्धा तसंच म्हणायचो. तीन वर्षं चौथीलाच होतो.

---

सीमाभाग_झिंदाबाद | १७ नोव्हेंबर, संध्या. ७.००

मूळ प्रश्न वेगळाच आहे. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. मराठी शाळांना शिक्षक देत नाहीत, मराठीतून कागद देत नाहीत, आणि तुम्ही त्याच शाळांत बीडची मुलं घालायला निघालात! आधी सीमाप्रश्न सुटू दे.

---

बांधावरचा | १७ नोव्हेंबर, संध्या. ७.२५

सुटेल तेव्हा सुटेल. माझ्या फडातली तोड सोमवारी संपते.

---

वेसकर | १७ नोव्हेंबर, संध्या. ७.४०

आणि एकच बाजू नाही ओ. आपल्याकडची, विजापूर भागातली कन्नड माणसं कोल्हापूर-सांगलीला तोडीला जातात. त्यांची पोरं तिथं मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात. इथं मराठी शाळा आहे तरी. नशीब म्हणायचं की.

---

अंगणवाडी_आक्का | १७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

तुम्ही सगळे मोठ्या पोरांच्या टीसीवर भांडायला लागलाय. मुकादम बरोबर बोलला ते कुणी ऐकलं नाही. धाकट्याची सोय झाल्याशिवाय ती पोरगी शाळेत येणार नाही. आली तरी धाकट्याला घेऊन येणार, आणि दुसऱ्या दिवशी मास्तर घरी पाठवणार. मी हे पाच हंगाम बघितलंय.

तर बांधावरचे दादा, उलट्या बाजूनं सुरू करा. तीन ते सहा वर्षांची जी असतील ती उद्याच अंगणवाडीत आणून बसवा. आधार नसलं तरी मी पोराला हाकलत नाही. अन्न सुरक्षा कायद्यानं गरम जेवण तीन ते सहा वर्षांच्या प्रत्येक पोराचं आहे, गावचं असो नाहीतर परगावचं. पोषण ट्रॅकर ॲपवर गावाकडच्या अंगणवाडीतून नाव इकडं घेता येतं, आईचा नंबर लागतो. नेटवर्क लागलं तर.

तीन वर्षांखालच्यांना आम्ही सांभाळत नाही, फक्त शिधा देतो. खरी अडचण इथंच आहे. आता पंचायतीत 'कूसिन मने' निघालीत, बाळांचं घर. २०२३ च्या बजेटमध्ये आली योजना. आहे नरेगाच्या बायकांसाठी, पण आमच्या पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) बाई मी मागं लागले तेव्हा म्हणाल्या, जागा असली तर बसव. तुमच्या पंचायतीत आहे का ते बघा. नसेल तर टोळीत एखादी म्हातारी असते, तिला विचारा.

आणि लसीचं कार्ड बघा बाई सगळ्यांचं. आशाला घेऊन जा कोप्यांवर, पण संध्याकाळी. दिवसा तिथं कुणी नसतं, गाडी भरायची असली की रात्रीही नसतं.

---

काळा_कोट | १८ नोव्हेंबर, सकाळी ११.१०

एक कायदेशीर मुद्दा, कारण कुणीतरी लगेच पोलीस बोलवायला निघेल. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर मदत केली तर चालते, पण दुसऱ्याच्या उसात मुकादमाच्या हाताखाली पेंड्या बांधणं म्हणजे घरचा धंदा नव्हे. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. आता इथं मालक कोण, कारखाना, मुकादम, तोड वाहतूकवाला की शेतकरी, यावर कोर्टात दहा वर्षं जातील. बांधावरचे, तुम्ही वाढ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत, पण पेंड्या पोरांकडून घेणं बंद करा.

मारहाण, विनयभंग, पोर हरवणं, कुणी उचलीपोटी पोर अडवून ठेवणं, असलं काही दिसलं तर १०९८. चोवीस तास, फुकट. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं प्रकरण जातं. पण शाळेत नाव नाही एवढ्यासाठी टोळीवर धाड घालू नका. मी एक धाड बघितली आहे. पोरं दोन दिवस बालगृहात, आई-बाप गेटबाहेर बसून, आणि तिसऱ्या रात्री मुकादमानं टोळी उचलून दुसऱ्या जिल्ह्यात नेली. पोरं कुठं गेली ते नंतर कुणालाच कळलं नाही.

---

तीन_खेपा | १८ नोव्हेंबर, दुपारी ४.००

वकीलसाहेब बरोबर. आणि माझं उलटं म्हणणं पण ऐका. टोळी यायला आम्ही दीड महिना कारखान्याच्या चिटबॉयच्या पाया पडतो. वरनं एंट्रीचे पैसे द्या, जेवण द्या. असल्या भानगडीनं टोळी रुसून गेली तर ऊस वाळतो, वजन घटतं. ते कोण भरून देणार? धागा काढणारा?

---

बांधावरचा | १८ नोव्हेंबर, रात्री ९.००

तुमची भीती माझ्याही घरात आहे. वडील आज दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत. पेंड्या आजपासून मोठ्या माणसाकडूनच घेतो असं मुकादमाला सांगितलं. पोरं अजूनही बांधतात, द्यायला बाप येतो. म्हणजे मी काय मिळवलं ते मलाच कळेना.

---

नदीकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

थोडं विषय सोडून वाटेल. मी कृष्णाकाठचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरात छातीएवढं पाणी. आम्हाला शाळेत नेऊन ठेवलं, काळजी केंद्र म्हणायचे त्याला. एका वर्गात अकरा कुटुंबं. माझी पोरगी तेव्हा दुसरीत. तिला आपली शाळा माहीत, पण तिथं रात्री झोपायचं, फळ्याखाली आई स्टो पेटवते, हे काही केल्या पटेना. दोन वर्षांनी २०२१ च्या जुलैत परत तेच.

त्या दिवसांत संडासला बायका-पोरी जाताना आम्ही बाप्ये टॉर्च घेऊन दारात उभे राहायचो. कुणी शिकवलं नव्हतं. आता कोप्यांजवळनं जाताना बघतो, तिथं ना दिवा, ना आडोसा. बारा-तेरा वर्षांच्या पोरी उसात जातात. माझ्या शेताच्या मोटरचा एक बल्ब त्या बाजूला काढून दिलाय गेल्या साली. एवढंच केलंय, पण केलंय.

---

खडूफळा | १९ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

नदीकाठ, बल्बचं बाकी सगळ्यांनी करण्यासारखं. आणि शेतातली उघडी विहीर, शेततळं, मोटरचा खड्डा यावर फळ्या टाका बाबांनो. परगावच्या पोराला तुमची विहीर कुठं आहे ते माहीत नसतं.

---

बांधावरचा | २७ नोव्हेंबर, रात्री ११.०५

सविस्तर लिहितो, उशीर झाला.

आक्कांच्या म्हणण्याप्रमाणं धाकट्यांपासून सुरुवात केली. आमच्या पंचायतीतलं कूसिन मने कोप्यांपासून लांब पडतं. टोळीत एक म्हातारी आहे, मुकादमाची चुलती, अर्धा कोयता म्हणून आलेली. आधी मुकादम तिला सोडायला तयार नव्हता. मग मी आणि शेजारचे दोन शेतकरी, ज्यांचा ऊस आमच्यानंतर तुटायचा होता, तिघांनी मिळून तिला दिवसाला अडीचशे द्यायचं ठरवलं. बोलणं माझ्या आईनं केलं. मला ती म्हातारी "साहेब" म्हणत होती, आईला "बाई" म्हणाली आणि दहा मिनिटांत दोघी तंबाखूवर बोलू लागल्या. आता दोन्ही बाळं तिच्यापाशी असतात, कोपीत. टोळी आमच्या शेजारच्या शिवारात तोडते, पण कोप्या तिथंच आहेत.

तीन ते सहाची दोन अंगणवाडीत. पहिल्या दिवशी रडून गाव गोळा केलं, दुसऱ्या दिवशी अंडं बघून गप्प.

मोठी पाच. हेडमास्तरपुढं मी कायदा काढलाच नाही. खडूफळा गुरुजींनी मला निरोपात सांगितलं होतं तसं विचारलं, "सर, यंदा पट किती?" सव्वीस. सात वर्गांना मिळून सव्वीस! तो स्वतःच हसला. चार पोरांना बसवून घेतलं. शिक्षण हमी कार्ड दोघांकडं निघालं, खरंच पेटीच्या तळाशी, लग्नाच्या फोटोखाली. त्यावरून गावाकडच्या शाळेचा फोन मिळाला. तिथले गुरुजी आधी बिचकले, मग पेन नंबर लिहून दिले, "नाव मात्र काढत नाही" म्हणाले. आमच्या सरांनी नंबर वहीत लिहून ठेवलेत. कॉम्प्युटरचं पुढं बघू म्हणाले.

पाचवा बारा वर्षांचा पोरगा आला नाही. बापाबरोबर मोळ्या वाहतो. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तर लांबून बघूनच उसात शिरला.

ती पोरगी चौथीत बसते. तिला वाचता येतं, जोडाक्षराला अडखळते. इथं चौथीला कन्नड पण असतं, तिला त्यातलं ओ का ठो येत नाही, आणि वर्गातल्या पोरांना तिचं 'लेकरू' आणि 'बाप्पा' ऐकून हसू येतं. सरांनी एक चांगलं केलं. तिला उसातल्या शब्दांची यादी करायला सांगितली आणि पोरांनी शेजारी त्याचं कन्नड लिहिलं. कब्बु, म्हणजे ऊस, हा तिचा पहिला शब्द.

---

तीन_खेपा | २८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

म्हातारीच्या अडीचशेत माझं नाव घाला. टोळी पंधरा तारखेला माझ्याकडं येणार आहे. (रुसून गेली नाही हे मान्य.)

---

अंगणवाडी_आक्का | २८ नोव्हेंबर, रात्री ९.३०

दादा, एक राहिलं. टोळीत चौदा-पंधराची पोरगी आहे काय? मंगळसूत्र आहे काय गळ्यात? विचारायला जाऊ नका, बायकांना पाठवा.

---

डोंगरपट्टा | २८ नोव्हेंबर, रात्री १०.४५

आक्कांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. गावाकडं वयात आलेली पोरगी एकटी कुणापाशी ठेवायची, या भीतीनं लग्न लावून देतात. आणि लग्न झालं की जोडी होते, जोडी म्हणजे पूर्ण कोयता, पूर्ण कोयत्याला पूर्ण उचल. माझ्या बहिणीचं सोळाव्या वर्षी असंच झालं. आई-बाप वाईट नव्हते.

---

काळा_कोट | २९ नोव्हेंबर, सकाळी १०.००

कर्नाटकानं २००६ च्या केंद्रीय बालविवाह कायद्यात आपली दुरुस्ती केली आहे. इथं लागलेला बालविवाह मुळातच रद्दबातल. महाराष्ट्रात मात्र केंद्रीय कायद्याप्रमाणं मुलीनं स्वतः कोर्टात जाऊन, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, तो रद्द करून घ्यावा लागतो. लग्न तिकडं आणि संसार इकडच्या कोपीत, त्यामुळं कुठला कायदा हा प्रश्न आहेच. पण मुलगी गरोदर असेल तर आधी दवाखाना, नंतर माझ्यासारखे. आशाताईंना सांगा.

---

बांधावरचा | २९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

आई जाऊन आली. एक आहे. बाकीचं इथं लिहीत नाही. आक्का, निरोप केलाय तुम्हाला.

---

बांधावरचा | ९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. आमच्या भागातला ऊस संपत आला. टोळी परवा कागवाडच्या बाजूला जाणार, मुकादमानं आज सांगितलं. उगारच्या पुढं. नेमकं शिवार त्यालाच माहीत नाही.

चार पोरं डिसेंबर-जानेवारीत नव्वद टक्के दिवस शाळेत होती. म्हातारी मध्ये आठ दिवस आजारी पडली तेव्हा पोरगी घरी राहिली. बारा वर्षांचा तो पोरगा शेवटपर्यंत आला नाही, फक्त सव्वीस जानेवारीला आला, लाडू मिळतो म्हणून. दुसऱ्या रांगेत उभा होता, घरून धुतलेला शर्ट घालून.

हेडमास्तरनं चौघांना सही-शिक्क्याचा कागद दिलाय, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बसत होती, काय काय झालं. पेन नंबर त्यावरच लिहिलेत. लसीची कार्डं आशानं पूर्ण करून दिली. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोरीच्या आईकडं दिलंय. तिनं ती पेटीत न ठेवता कोपीच्या बांबूला टांगली.

कागवाड, उगार, शिरगुप्पी भागातलं कुणी वाचत असेल तर कळवा. मराठी शाळा कोप्यांपासून किती लांब असेल, आणि पंचायतीत कूसिन मने आहे काय, एवढं बघायचंय. म्हातारी बरोबर आहे, पण तिचे अडीचशे आता तिथल्या शेतकऱ्यांना द्यावे लागतील.

---

शिरगुप्पीकर | ९ फेब्रुवारी, रात्री १०.५५

मी आहे. नोव्हेंबरपासून नुसताच वाचत होतो. मुकादमाला माझा नंबर द्या, निरोपात पाठवतो. ट्रॅक्टर कुठल्या रस्त्यानं येणार तेवढं विचारून ठेवा.